रिकाम्या गाडीचं लायसन

२०२४ साल नुकतंच लागलं होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. म्हणजे कागदावर. खरं वय आईला माहीत होतं, ती गेली. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्याच पोरांचा जन्म एक जूनला करून टाकला, त्यामुळे आमचं निम्मं गाव एकाच दिवशी जन्माला आलेलं आहे. तर त्या वर्षीच्या थंडीत, ह्या सुरत शहरात, मी गाडी चालवायचं लायसन काढलं.

हे आज आठवायचं कारण एवढंच की काल आमच्या डिंडोलीच्या नाक्यावर पुन्हा तारा लागायला लागल्या. आपल्याकडे संक्रांत, इथे उत्तरायण. तो सण जवळ आला की सगळं शहर गच्चीवर चढून पतंग उडवतं आणि कापलेला मांजा रस्त्यावर आडवा येतो. मोटारसायकलवाल्याचा गळा चिरायला तो पुरतो. म्हणून नाक्यानाक्यावर पोरं तार घेऊन बसतात आणि गाडीच्या दोन्ही आरशांना कमानीसारखी वाकवून बांधून देतात, म्हणजे मांजा आला तरी तारेला अडतो. त्या वर्षी मीही बांधून घेतली. सण झाल्यावर लोक काढून टाकतात. मी काढली नाही. आता ती गंजली आहे, सून म्हणते आप्पा काढा ती, कसं दिसतं. दिसू दे.

ह्याच दिवसांत पोंक येतो. कोवळ्या ज्वारीचा हुरडाच तो, पण इथे तो तागडीत मोजून मिळतो, वर लिंबू-मिऱ्याची शेव घालून. हुरडा विकत घेऊन खायचा, तोही उभ्याने, प्लॅस्टिकच्या चमच्याने, हे पहिल्या वर्षी मला पटलं नव्हतं. आमच्याकडे बांधावर आगटी पेटायची, कणीस निखाऱ्यात घालायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, कोंडा समोरच्याच्या तोंडावर उडायचा. तळहात दोन दिवस काळे राहायचे. पण वास तोच आहे. वासाला काही राज्य नसतं. नदीही तीच. आमचं गाव शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी, आणि इथेही तापीच. पुलावर उभं राहिलं की वाटतं, हे पाणी आपल्या घाटावरून आलंय. मग वाटतं, तेही आपल्यासारखंच, शेवटी इथे येऊन घाण झालं.

गावाकडे मी चाळीस वर्षं दूध घातलं. आधी सायकलवर, मग मोपेडवर. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोखंडी हूक, त्यांना दोन कॅन. पहाटे डेअरीवर जायचं, येताना रिकामं यायचं नाही, हूकांना ढेपीची पोती लावून आणायची. म्हशी त्यावर जगायच्या आणि आम्ही म्हशींवर. पुढे बोटं आखडली, धार काढता येईना. मुलगा भूषण सुरतेला साड्यांच्या छपाईच्या मिलमध्ये सुपरवायझर, तो म्हणाला, आता पुरे. म्हशी गेल्या, आम्ही दोघं इथे आलो. मोपेडही टेम्पोत घालून आणली, ती मी सोडली नाही. भूषणने तिची पाटी बदलून घेतली, एम.एच.ची जी.जे. झाली. गाडी गुजरातची झाली, माणसाचं काय ते राहिलं होतं.

गाडी आली, पण चावी भूषणच्या खिशात.

"आप्पा, लायसन आहे का तुमच्याकडे?"

"चाळीस वर्षं चालवली. एकदा तरी पडलो का?"

"पडला नाहीत, कारण त्या रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतंच. इथे चौकाचौकात कॅमेरे आहेत. लायसन आणा, चावी घ्या."

बापाला असं बोलतात का? पण मी गप्प बसलो. गप्प बसायला मी इथे येऊन शिकलो. रस्त्यावरच्या पाट्या गुजरातीत, डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं, छप्पर उडालेल्या घरांसारखी. ओळखीची वाटतात आणि हाती लागत नाहीत. लोक वाईट नाहीत, 'काका, काका' करतात. पण दुकानात गेलं की मी बोट दाखवून वस्तू मागायचो. ज्या माणसाच्या शब्दावर डेअरीत दुधाचं माप लागायचं, तो माणूस बोट दाखवून साबण मागतो.

तरी मी लायसनच्या भानगडीत पडलो नसतो. पडलो ते हिच्या पायामुळे.

हिचं नाव सुमन. पन्नास वर्षांत तोंडाने घेतलं नाही, इथे लिहायला हरकत नाही. हिला साखर आहे. त्या दिवाळीच्या आधी पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली, फोड आला, त्याची जखम झाली आणि ती भरेना. उधन्याच्या एका दवाखान्यात एक दिवसाआड पट्टी करायला जावं लागे. डॉक्टर म्हणाले, एकही पट्टी चुकवायची नाही, चुकली तर पाय माझ्या हातात राहणार नाही. सरळ शब्दांत सांगितलं, ते बरं केलं.

भूषण तिला नेऊन सोडायचा आणि कामाला उशिरा पोचायचा. मिलच्या फाटकावर यायची वेळ टिपतात, उशीर मांडला जातो, मग मालकाची बोलणी. तो घरी सांगायचा नाही, पण चपला काढतानाच कळायचं. मग आम्ही दोघं शटल रिक्षाने जायला लागलो. शटल म्हणजे तिघांच्या जागेत सहा. एका दिवशी एका बाईने पिशवी ठेवली ती थेट हिच्या पट्टीवर. ही ओरडली नाही. पदर तोंडात घेतला. उधना येईपर्यंत घेऊनच होती. उतरल्यावर मला म्हणाली, "जाऊ द्या ना ती पट्टी. आपलं घरीच हळद लावसू." आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीच बोलतो, पोराशी मिसळून. हळद लावू म्हणणं म्हणजे आता मी येणार नाही, हे पन्नास वर्षांच्या नवऱ्याला कळायला नको?

त्याच संध्याकाळी मी भूषणला म्हटलं, काढ माझं लायसन.

"आप्पा, ह्या वयात..."

"मन्ही बायकोले मी लई जासू. तू चावी तयार ठेव."

ही भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "चाळीस वरीसमा कधी बसाडी माले गाडीवर? आते बसाडतीन!"

खोटं नव्हतं. तिला कधीच बसवलं नव्हतं. जागाच नव्हती, मागे कॅन असायचे. माहेरी जायचं तर ती एसटीने जायची आणि मी दूध घालून मागून पोचायचो.

कच्चं लायसन मिळालं ते सोपं होतं. कॉम्प्युटरवर प्रश्न येतात, गुजराती किंवा हिंदी निवडा म्हणतात. हिंदीच्या अक्षरांना छप्पर असतं, ती मला वाचता येतात. चौथीपर्यंतची शाळा तिथे कामाला आली. एक प्रश्न होता, रस्त्यात जनावरांचा कळप आला तर काय कराल? हॉर्न वाजवाल, जोरात काढाल, की थांबाल? मला हसू आलं. एवढी वर्षं तो कळप माझाच असायचा आणि थांबणारे दुसरे असायचे. 'थांबू' वर बोट ठेवलं.

पक्क्या लायसनला मात्र गाडी चालवून दाखवावी लागते. ऑफिसच्या मागे सिमेंटचं मैदान, त्यावर पट्ट्यांनी आठाचा आकडा काढलेला. आपला आठ नव्हे, इंग्रजी. आपला आठ एकदा वळला की संपतो. ह्यांच्या आठाला संपणंच नाही, गाठीतून परत गाठीत. त्यातून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. बाजूला खांबांवर कॅमेरे. खाकी कपड्यातली एक तरुण बाई खुर्चीत बसून पडद्यावर बघते. आपण काय करतो ते आपल्याकडे न बघता तिला दिसतं.

रांगेत सगळी पोरं-पोरी. मी टोपीवरूनच हेल्मेट चढवलं, ते डोक्यावर डगमगत होतं. भूषण कुंपणाबाहेर उभा. मी मनात म्हटलं, चिखलातून, काळोखातून, दोन भरले कॅन घेऊन गेलेला माणूस मी. हे तर अंगण सारवल्यासारखं आहे.

पहिल्याच वळणावर गाडी हातातून निसटल्यासारखी झाली. कागदासारखी हलकी. वाकवली तर वाकतच गेली. आणि माझा उजवा पाय, मी न सांगता, खाली आला.

"काका, पग अड्यो," बाई म्हणाल्या. पाय लागला. "आठ दिवस पछी आवजो."

मी म्हटलं, "बेन, पाय माझा आहे, मी लावला नाही."

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. मागचा पोरगा पुढे झाला.

घरी येताच भूषणने चावी परत खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी पट्टीचा दिवस होता, तोच घेऊन गेला, फाटकावर उशीर झालाच असणार.

मी हट्टाला पेटलो. आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे पोरं क्रिकेट खेळतात. भूषण कामावरून आला की चावी घ्यायची आणि दिवेलागणीपर्यंत तिथे आठ काढायचे. जमेना. वळण आलं की गाडी भिरभिरते आणि पाय खाली येतो. कॅरिअरचे रिकामे हूक खडखडायचे, तो आवाज तर डोक्यात जायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी लक्षात आलं, अरे, मी रिकामी गाडी कधी चालवलीच नाही. जाताना दूध, येताना ढेप. दोन्ही बाजूंना वजन असलं की गाडी आपली आपण तोल धरते, वळणावर कॅन जरा बाहेर झुकतात, आपण जरा आत झुकतो, झालं. गावाहून आणलेले दोन कॅन माळ्यावर होते. काढले, नळाचं पाणी भरलं, हूकांना लावले. एकामागून एक आठ काढले. एकदाही पाय लागला नाही. क्रिकेटची पोरं खेळ थांबवून बघत होती.

त्या रात्री मी पोटभर जेवलो.

आठ दिवस झाले, पुन्हा बोलावणं आलं. भूषण पुढे त्याच्या मोटारसायकलवर, मी मागून, कॅन लावून, पाणी भरून, वर झाकणं घट्ट लावून. मैदानात शिरलो तसं सगळ्यांनी वळून बघितलं. पोरंपोरी मोबाइल काढायला लागली. खाकीतल्या बाई खुर्चीवरून उठल्या.

"काका, आ शुं? दूध वेचवा आव्या?" त्यांना वाटलं, मी दूध विकायला आलो.

"पाणी शे बेन. वजन जोयजे गाडीला." अहिराणीतला 'शे' आणि त्यांचा 'छे' जवळजवळचे, म्हणून त्यांना कळलं.

"वजन काढी नाखो. खाली गाडी."

"रिकामी गाडी कोण चालवतं बेन? गाडी रिकामी चालवायला असते का?"

"नियम छे, काका."

भूषण कुंपणाबाहेरून हात हलवत होता, काढा, काढा म्हणून. मी कॅन काढले नाहीत. काय झालं मला, सांगता येत नाही. एवढ्या पोरांसमोर ते दोन कॅन उतरवायचे, झाकणं उघडायची, पाणी ओतून द्यायचं, हे माझ्याने होईना. मी म्हटलं, अशी घ्यायची तर घ्या परीक्षा. त्या म्हणाल्या, नाही घेता येत. मी गाडी वळवली, तीही आठाच्या पट्ट्यांमधूनच, एका दमात, आणि बाहेर आलो. वळवताना पाय लागला नाही, हे कोणी बघितलं नाही.

भूषण बोलला ते ऑफिसच्या बाहेर. "आप्पा, हसं करून घेतलं आपलं. तुम्हाला लायसन पाहिजे की तुमचं खरं करायचंय?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही मिळत इथे. ही काय आपली डेअरी आहे?"

मग उत्तरायण आलं. दोन दिवस आकाश दिसेना एवढे पतंग. गच्चीगच्चीवर गाणी, 'काय पो छे'च्या आरोळ्या, उंधियूचा वास. पुलांवरून दुचाक्या बंद. मी खाली बाकावर बसून होतो. ही गच्चीवर जाऊ शकत नव्हती, म्हणून मीही गेलो नाही. थकवा असा की शेंगा सोलायचा कंटाळा यावा. शिकायचं वय असतं, तसं शिकलेलं विसरायचंही वय असतं, आणि माझी दोन्ही होऊन गेली होती. इथे येऊन मी काय काय विसरायचं? बोली विसरा, पहाटेची वेळ विसरा, आता वजनही विसरा.

ही लंगडत खाली आली आणि बाकावर बसली. वाटीत पोंक होता, सुनेने आणलेला. मला म्हणाली, चोळीसन खावानी गरज नही, आयता शे. मग वर पतंग बघायला लागली. एक कापलेला पतंग आमच्या निंबाला येऊन अडकला.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "तुम्हना पाय कसाले खाली येस?"

"गाडी हलकी शे."

"हलकी नही. पहिलेपासून तुम्हनी सवय शे. गाडी जरा हालनी का, दूध सांडी जाई म्हनीसन तुम्ही पाय टेकतस. रस्तावर मी देखेल शे ना. आंग पडी त पडो, दूध नही सांडाले पाहिजे." तिने वाटी माझ्याकडे सरकवली. "आते सांडाले शे काय?"

मी तिच्याकडे बघितलं. ती सहज बोलली होती, पोंक खाता खाता. तिला काही लावून बोलायचं नव्हतं. पण मी वाटी हातात घेऊन तसाच बसलो. आता सांडायला आहे काय. म्हशी नाहीत, डेअरी नाही, वाट बघणारं गिऱ्हाईक नाही. हूक खडखडतात ते खरंच रिकामे आहेत. एवढं साधं मला चाळीस वर्षांच्या पायाने समजू दिलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि अंगातलं काहीतरी सैलही झालं. दोन्ही एकदम झालं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

तिसऱ्या वेळेला मी कॅन नेले नाहीत. भूषणला म्हटलं, तू कामावर जा, उशीर नको. एका शेजाऱ्याला मागे बसवून गेलो, त्याच्याकडे लायसन होतं म्हणून चाललं. मैदानाच्या कडेच्या झाडांवर मांजाचे गुंते लोंबत होते, आठ दिवस झाले तरी. गाडीवर तारेची कमान तशीच. बाईंनी ओळखलं. "काका, आजे पाणी नथी?"

"नथी बेन. काहीच नथी."

आठात शिरलो. गाडी हलली, तशी हलू दिली. पडलो तर पडलो, म्हटलं. सांडायला काही नाही. पहिलं वळण. हूक खडखडले. दुसरं वळण. उजवा पाय थरथरला, मी त्याला म्हटलं, बस गपचूप, तुझं काम संपलं. गाठीतून बाहेर आलो तेव्हा दोन्ही पाय वर होते.

"पास," बाई म्हणाल्या, आणि पडद्याकडे बघायचं सोडून एकदा माझ्याकडे बघितलं.

आनंद झाला का? झाला असेल. पण मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसलो आणि मला फार दमल्यासारखं वाटलं, लांबून आणलेलं ओझं उतरवून ठेवल्यावर वाटतं तसं. शेजारी म्हणाला, काका, पेढे. म्हटलं, देऊ.

कार्ड टपालाने यायचं होतं, पण संध्याकाळी भूषणच्या मोबाइलवर ते दिसायला लागलं. माझा फोटो, गुजरातचं नाव, जन्म एक जून. भूषणने खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात न देता देवापुढे ठेवली. मग मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, उठ, नाटकं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीचा दिवस होता. मी गोधडीची घडी करून कॅरिअरवर बांधली, सुतळीने, दोन पीळ देऊन. ही काठी टेकत खाली आली, गाडीकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं.

"कॅननी जागा भेटनी माले शेवटी," म्हणाली, आणि तिरकी बसली. धरायला काही नव्हतं, म्हणून तिने डाव्या बाजूचा कॅनचा हूक मुठीत धरला. तो खडखडायचा थांबला.

सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलो. गाडी जड होती, सरळ चालली. डिंडोलीच्या नाक्यावर उजवीकडे वळायचं होतं, समोरून बस येत होती. वळता वळता माझा पाय आपोआप खाली आला आणि जमिनीला लागला. मी तो लागू दिला.